फियाटची पट्टी आणि बुजलेली भोकं

इंजिन उतरवून बांधायला अठरा दिवस गेले. वायरिंग चार दिवसांत झालं. पत्र्याचं काम आणि रंग मिळून दीड महिना. आणि डाव्या बाजूची क्रोमची पट्टी बसवायला आठ आठवडे! पट्टी म्हणजे काय, तर बोटभर रुंदीचे चार तुकडे: फेंडर म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, पुढचं दार, मागचं दार आणि मागचा पत्रा. अजूनही कोणी गाडीचं कौतुक करायला लागलं की माझी नजर आधी तिथे जाते.

गाडी आप्पांची, प्रीमियर पद्मिनी. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डी बनायची, तिचंच नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं. पण जळगावात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. फियाटच. आप्पांनी ती वर्षानुवर्षं नंबर लावून घेतली होती. ते गेल्यावर बारा वर्षं ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती, आणि दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई सुरतेहून माहेरी आली की ताडपत्री उचलून बघायची आणि काही न बोलता परत टाकायची. म्हणून ठरवलं, या आखाजीला ताईला स्टेशनवरून फियाटमध्येच घरी आणायचं.

पाडव्याला रंग पूर्ण झाला. हातात महिना होता. राहिलं काय, तर चकाकणारं सामान. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

बंपर, हँडल, हेडलाइटच्या रिंगा आधीच प्लेटिंगला, म्हणजे क्रोमचा मुलामा द्यायला, जाऊन आल्या होत्या, त्यात काही सांगण्यासारखं नाही. एवढंच, की देण्याआधी प्रत्येक वस्तूला लोहचुंबक लावून बघा. बंपरला चिकटतं, तो लोखंडी. हँडलला चिकटत नाही आणि ते हाताला जड लागतं, ते जस्ताच्या ओतकामाचं; त्यावर फोड आलेले असतील तर ते खरवडून आधी तांब्याचा थर नीट द्यावा लागतो, नाहीतर वर्षभरात पुन्हा फोड. आमच्या बाजूच्या पट्ट्या स्टेनलेसच्या निघाल्या. त्यांना क्रोम लागतच नाही, नुसतं बफिंग पुरतं. प्लेटिंगवाल्याने चारही जोड्या वजनात धरल्या होत्या, त्या मी परत काढून घेतल्या. आणि एक, ज्याला आपण क्रोमची चमक म्हणतो ती मुळात खालच्या निकेलची असते. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यामुळे खालचं पॉलिश चुकलं तर वर कितीही क्रोम द्या, बंपर आरशासारखा दिसणार नाही.

काचेच्या रबरातली चंदेरी पट्टी साबणाच्या पाण्याने बसली. एप्रिलच्या उन्हात रबर इतकं मऊ झालं होतं की तासाभरात दोन्ही काचा झाल्या. जळगावच्या उन्हाचा मला झालेला हा एकमेव फायदा.

उजव्या बाजूची पट्टीही एका दुपारीत बसली. मग मी डाव्या बाजूला आलो, पट्टी धरली, आणि पत्र्यावर हात फिरवला. गुळगुळीत. एकही भोक नाही.

पट्टी चिकटवलेली नसते. पट्टीच्या मागच्या खाचेत क्लिपा सरकवायच्या, त्या क्लिपा पत्र्यातल्या भोकांत दाबून बसतात, आणि टोकाला बोल्ट असतो, त्याचं नट दाराच्या आतून लावायचं. म्हणजे प्रत्येक तुकड्याला तीन-चार भोकं हवीतच. डाव्या दारांचा खालचा पत्रा गंजला होता, तो कापून नवा लावताना वरची भोकंही बुजवून, लांबी (म्हणजे पुट्टी) भरून, घासून रंगवून टाकली होती.

पेंटरकडे गेलो. तो अंमळनेरकडचा, गोड माणूस, कामाला हात चांगला. म्हणाला, "भाऊ, भोके व्हतातच नही."

मी म्हटलं, उजवीकडे आहेत ना!

"उजवीकडे व्हतात."

आता यावर काय बोलणार? फोटो माझ्याकडे नव्हता. म्हणून सांगतो, आणि खरं तर हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: गाडी पत्र्याच्या कामाला देण्याआधी प्रत्येक भोकाचा फोटो काढा, बाजूला मेजर टेप धरून. आणि रंगाआधी, नुसत्या प्रायमरवर, सगळं चकाकणारं सामान एकदा बसवून बघा आणि परत उतरवा. मिस्त्री कुरकुर करतील. करू द्या.

मग नवीन भोकं कोण पाडणार, यावर खो-खो सुरू झाला. पेंटर म्हणाला, ते फिटिंगवाल्याचं काम. फिटिंगवाला म्हणाला, "सेठ, नया पेंट है, चटकेगा तो मेरे पे मत आना." मग पेंटरने हमी द्यावी. पेंटर म्हणाला, हमी देतो, पण रंग अजून कच्चा आहे, महिनाभर त्यावर मास्किंग टेप लावू नका, टेपबरोबर रंग उठेल. आणि फिटिंगवाला टेपशिवाय ड्रिल लावायला तयार नाही. दोघांच्या दुकानांत दोनशे पावलांचं अंतर. अजिंठा चौफुलीच्या त्या धुळीत, डोक्याला उपरणं बांधून, मी ते अंतर किती वेळा चाललो असेन देव जाणे. शेवटी पेंटर म्हणाला, मीच पाडून देतो, "सकाय". अहिराणीत सकाय म्हणजे उद्या. आठ दिवस रोज सकाय होती.

या भांडणात पेंटरची एक गोष्ट मात्र खरी होती. टेपची. मी घाई करून दाराच्या कडेला एक तुकडा लावून पाहिला होता, तो काढताना नखाएवढा रंग बरोबर आला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्या रिकाम्या दिवसांत एक रात्र रेल्वेत घालवून मुंबईला जाऊन आलो, कारण जुन्या क्लिपा काढताना निम्म्या मोडल्या होत्या. हल्लीच्या गाड्यांच्या दारपॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या अस्तराच्या, प्लॅस्टिक क्लिपा जाड असतात, त्या या खाचेत जात नाहीत. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका दुकानात डब्याच्या तळाशी बावीस मिळाल्या. दुकानदार म्हणाला, टॅक्सीवाले होते तोवर हा माल खपायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. ज्या कुर्ल्यात गाडी बनली, तिथूनच तिच्या क्लिपा खिशात घालून परत आलो.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे ताईची गाडी आली. मी फियाट स्टेशनबाहेर अशी लावली, की डावी बाजू भिंतीकडे. ताईने बॅग खाली ठेवली, बॉनेटवर हात ठेवला, थोडा वेळ गप्प राहिली. मग चालत चालत भिंतीच्या बाजूने गेली आणि तिकडून आवाज आला, "इकडची पट्टी कुठंय रे?" दसऱ्याला गाडी पुसताना डावी बाजू तिची असायची. मी विसरलो होतो.

ती परत गेल्यावर काम मी स्वतःच हातात घेतलं. दारपॅड काढलं, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि बोट घालून पत्र्याची आतली बाजू चाचपली. तिथे पुरावा सापडला! जिथे भोक होतं तिथे लांबी आत घुसून हरभऱ्याएवढं बोंड होऊन वाळली होती. पुढच्या दाराला तीन, मागच्याला चार. मी त्यांचा फोटो काढून पेंटरला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

फेंडरच्या भोकांना वेल्डिंग मारलं होतं, तिथे बोंडं नव्हती. तिथे उजव्या बाजूचा खाकी कागदावर छाप घेतला आणि उलटा करून डावीकडे लावला. दारावरच्या सापडलेल्या भोकांशी ताडून पाहिला तर चार मिलिमीटरचा फरक. या गाडीच्या दोन बाजू जुळ्या नाहीतच. म्हणून छापावर विसंबू नका. गाडीच्या पुढून मागेपर्यंत सुताराचा दोरा ताणा, दहा पावलं मागे जाऊन उकिडवे बसा आणि डोळ्यांनी ठरवा.

ड्रिल लावण्याआधी दाराची काच पूर्ण वर घ्या. खाली असेल तर ती पत्र्याच्या मागेच उभी असते, आणि बिट आत गेलं की संपलं. तोवर रंग वाळला होता, तेव्हा टेप दुहेरी लावली. पंचची हलकी टिचकी, मग दोन मिलिमीटरचं बिट, मग मोठं. बिटलाही टेप गुंडाळली, म्हणजे ते जास्त आत जाणार नाही. भोकाच्या कडेला लगेच बारीक ब्रशने प्रायमर लावा. कच्चा पत्रा पहिल्याच पावसात गंज धरतो. नट बोटाने आवळून वर फक्त अर्धा फेरा. मी पहिलं पान्याने आवळलं, तर दाराला बाहेरून खळगा पडला. ढिलं केल्यावर भरला, नशीब.

पुढच्या दाराच्या पट्टीचं पुढचं टोक दाराच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. दार उघडताना ती कड फेंडरकडे वळते, आणि टोक बाहेर असेल तर फेंडरच्या रंगात घुसतं. हे मला उजव्या बाजूने शिकवलं. ओरखडा आहे, दाखवीन.

मृगाच्या दोन दिवस आधी शेवटचं नट लागलं. डाव्या बाजूचा फोटो काढून ताईला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "छान. मागच्या दारावर जरा खाली गेलीय का?"

दोरा पुन्हा लावून मोजलं. दीड मिलिमीटर. राहू दिली.