फाटलेल्या पुंगळ्या आणि विकलेला लेथ

जांभळी नाक्याजवळच्या गल्लीतलं बंदूक दुरुस्तीचं दुकान वडिलांनी काढलं, त्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला. मधली बरी वर्षं सांगत बसत नाही. निवडणूक लागली की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा आणि आम्ही माशा मारत बसतो, हे धंद्यातल्यांना ठाऊकच आहे. सांगायचंय ते एका पावसाळ्याचं.

मुरबाडकडचे मामा वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्यांची ३१५ बोअरची रायफल मी साफ करून, एक्स्ट्रॅक्टरची (उडालेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग बदलून दिली. पंधरा दिवसांत परत. "अरे, तुझा हात लागला नि पुंगळ्या फाटायला लागल्या!" येताना ते स्टेशनकडच्या नव्या दुकानात डोकावले होते. तिथल्या शहाण्याने नळीत बॅटरी मारून निकाल दिला : चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) पॉलिश पेपर फिरवलाय, रायफल गेली. गेज लावायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

आता नव्या पोरांनी नीट ऐका. आधी पुंगळी बघायची, रायफल नंतर. बुडाच्या जरा वर गोल कडं उमटलं असेल तर हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये काडतुसामागे उरणारी मोकळी जागा, वाढलीय. टोक वाकवलेली तार आतून फिरवा, खाच हाताला लागते. तशी रायफल चालवायचीच नाही. मामांच्या पुंगळ्यांना चीर उभी होती, तीही मानेला, म्हणजे गोळी धरणाऱ्या निमुळत्या टोकाला. गो-नोगो गेज, म्हणजे हेडस्पेस तपासायची दोन मापं, लावली, दोन्ही बरोबर. मग मामांना रेंजवर नेलं. काडतूस चेंबरमध्ये बसवताना वरच्या अंगाला मार्करने खूण करायची, चष्मा लावायचा, मगच घोडा. चेंबर खराब असतं तर चीर दर वेळी खुणेपासून तेवढ्याच अंतरावर आली असती. पाचांतल्या चार फाटल्या, चार दिशांना.

मामांनी उरलेली बारा काडतुसं काढली. वडिलांच्या भिंगाखाली एकेक धरलं, तर न उडवलेल्या तिघांच्या मानेला केसासारखी चीर! न उडताच फाटलेल्या पितळेत चेंबरचा काय गुन्हा?

"मामा, डबा ठेवता कुठं?"

"गोठ्यावरच्या माळ्यावर. घरात ओल असते ना."

मी कपाळाला हात लावला. खाली गुरांचं मूत, त्याचा अमोनिया, वर पावसाळी हवा. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असं हे पितळ, त्यात मान दाबून घडवताना राहिलेला ताण. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवत, तीही अशीच तडकायची. अमोनियाचं हे कारण १९२१ साली उलगडलं. (युरियाच्या गोणीशेजारीही ठेवू नका, बाबांनो.)

नव्या काडतुसांची एकही पुंगळी फाटली नाही. उत्तर आठ दिवसांत मिळालं, अफवा मात्र दोन वर्षं फिरली. शहापूरचे लोक यायचे थांबले, बँकांच्या गार्डच्या बारा बोअर बंदुकाही. शेवटी लेथ दलालाकडून विकला. मामा ती तडकलेली काडतुसं घेऊन स्टेशनकडच्या दुकानात भांडून आले. तर तो शहाणा, "मी तसं म्हणालोच नव्हतो," म्हणे!

लेथ कुणी घेतला ते नंतर कळलं. त्या दुकानावरून जाताना त्याची घरघर अजून ओळखू येते. बेअरिंगला तेल घालत नाहीत.