शंभर सीसीची नोंदवही: तेल, घाट आणि भाचीचा क्लच

स्प्लेंडरच्या इंजिनाचं उजवं कव्हर एकदाचं उघडलं. माझी ही २००३ ची हिरो होंडा, ९७.२ सीसी, टप्प्याटप्प्याने दुरुस्त करतोय. इंजिन उतरवायचं नाही असं सुरुवातीलाच ठरवलंय आणि अजून तरी तशी वेळ आलेली नाही.

या इंजिनात मोठ्या गाड्यांसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि एक फिरता फिल्टर. तो इंजिनाबरोबर गरगरत राहतो, तेलातला जड गाळ बाहेरच्या कडेला फेकला जाऊन तिथेच चिकटतो. तेल बदलून हा गाळ निघत नाही, त्यासाठी कव्हरच काढावं लागतं. म्हणून आधी तेल काढलं, मग किक काढली, क्लचची केबल सोडली आणि कव्हर उतरवलं. फिल्टरच्या झाकणाचे तीन स्क्रू वर्षानुवर्षं न हललेले. साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांच्या खाचा गेल्या असत्या, म्हणून हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर शेजारच्या गॅरेजमधून मागून आणला. झाकण निघालं तर आत काळ्या ग्रीससारखा थर, नखाने खरवडला की वडी निघावी इतका घट्ट. रॉकेलने धुतलं, जाळी सरकवून बाहेर काढून साफ केली, पॅकिंग नवं टाकलं. जुनं पॅकिंग परत बसवून पैसे वाचवणाऱ्यांना पार्किंगमधले तेलाचे डाग लखलाभ. मग ९०० मिलीचा १०डब्ल्यू-३० इंजिन तेलाचा डबा. संपला खर्च.

दुसऱ्या दिवशी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणून सकाळी चहाच्या आधी. टॅपेटची टकटक गेली, पण आयडलिंगला हलकी खरखर अजून आहे. माझा संशय टायमिंग चेनवर, म्हणजे इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीवर आहे. वाढत नाही तोवर हात लावणार नाही.

घरात ३५० सीसीची मोठी बाईक उभी असताना या ‘दूधवाल्याच्या गाडी’त काय ठेवलंय, असं भेटेल तो विचारतो. मी त्यांना वरंध घाट सांगतो. महाडकडून माझेरी सोडली की चढ लागतो. साडेसात हॉर्सपॉवरच्या गाडीला तिथे माफी नाही. वळणाच्या आधी तिसरा की दुसरा हे ठरवायचं आणि वेग धरून ठेवायचा. एकदा वेग पडला की नुसतं ॲक्सिलेटर पिळून काही होत नाही, गिअर पाडावाच लागतो. समोर एसटी आली तर दुसऱ्यात रांगत जायचं. मोठ्या गाडीवर मी हाच घाट टॉर्कच्या भरवशावर अर्धा झोपेत चढतो. इथे मात्र मूठ शेवटपर्यंत पिळलेली, इंजिन ओरडतंय आणि काटा जेमतेम पन्नासच्या आसपास. अख्खी गाडी वापरल्याचं सुख मिळतं आणि दंडाची पावतीही फाटत नाही. वर कावळ्या किल्ल्याजवळ भजी खाल्ली, इंजिन गार होऊ दिलं आणि नीरा देवघरच्या पाण्याकडेने भोर गाठलं. टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तर घाट धरूनही ॲव्हरेज साठीच्या वर.

हायवेवर तिची मर्यादा दिसते, ते लपवण्यात अर्थ नाही. सत्तरच्या पुढे हँडलमध्ये मुंग्या येतात आणि ट्रेलर बाजूने गेला की गाडी हलते. ओव्हरटेकसाठी राखीव ताकद जवळपास शून्य. साताऱ्याकडे सहा पदरी रस्त्यावर जायचं असेल तर मी हिला घेत नाही. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेचा तर प्रश्नच येत नाही, तिथे दुचाकीला बंदी, मग ती कितीही सीसीची असो. जुन्या रस्त्याने खंडाळ्यातून जायचं तर स्प्लेंडरच बरी.

या महिन्यातली दुसरी घडामोड म्हणजे भाची. लर्निंग लायसन्स हातात, आजवर फक्त स्कूटर चालवलेली. तिला आधी ३५० वर बसवलं होतं, पण जवळजवळ दोनशे किलोचं धूड स्टँडवरून काढतानाच चेहरा पडला. स्प्लेंडर एकशे दहाच्या आसपास आणि सीटची उंची ७८५ मिमी, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात. मैदानात पहिल्या फेरीला गाडी कलंडली तर तिने स्वतःच उचलली, माझी वाट पाहिली नाही. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी हीच खरी परीक्षा आहे. पाडण्याची भीती गेली की क्लच आपोआप सुटायला लागतो.

“मामा, सगळे गिअर पुढेच दाबायचे?”

“सगळे पुढे. परत येताना टाच.”

इथे एक मेख आहे. ३५० वर पहिला खाली आणि बाकीचे वर. आता लागलेली पायाची सवय पुढे मोडावी लागणार. तरी मी सुरुवात हिच्यावरच करायला सांगेन. पायाची सवय आठवड्यात बदलते, पण अर्ध्या क्लचवर गाडी तोलणं शिकायला हलकी गाडीच लागते. ब्रेकची गोष्ट वेगळी. २०१९ पासून नव्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस असतं, एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकं धरतात. माझ्या गाडीला साधे ड्रम. त्यामुळे पुढचा-मागचा एकत्र कसा दाबायचा हे तिला सरावाने शिकावं लागतंय. पुढच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, त्याच आठवड्यात नवे टाकले.

चेन पाहिली. चेनकव्हरचं रबरी बूच काढून बोटाने वरखाली केली, ताण ठीक आहे. स्पार्क प्लग विटकरी-तपकिरी, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण बरोबर आहे आणि कार्बोरेटरला हात लावायचं कारण नाही.

आता उरला स्टीअरिंगचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं की बरोबर मधोमध खटकन अडकतं, म्हणजे गोळ्यांनी कपात खड्डे पाडलेत. सेट आणून ठेवलाय. त्याच वेळी फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचं, तेलही बदलणार, पण तेल अडवणारं रबरी सील न बदलता नुसतं तेल बदलावं का, यावर मेकॅनिकचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो गळत नाही तर कशाला छेडायचं. मला वाटतं वीस वर्षांच्या रबरावर इतका विश्वास बरा नव्हे. कोणी नुकतंच हे काम केलं असेल तर सांगा, येत्या रविवारी चाक उतरवतोय.