तुम्ही विचारलंत म्हणून: दूध पाजूनही वजन का उतरत नाही?

"ताई, अंगावर पाजलं की वजन आपोआप उतरते म्हणतात ना, मग माझं काऊन उतरून नाही राहिलं? उलट दिवसभर खा खा सुटली आहे." कॉलनीतल्या पोरी, माझ्या जुन्या विद्यार्थिनी, भाचीच्या मैत्रिणी, सगळ्या थोड्याफार फरकाने हेच विचारतात. आणि आवाज खाली करून विचारतात, जसा काही गुन्हाच केलाय. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न माझ्या विषयातला आहे आणि मला तो फार जवळचा वाटतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, ही भूक खरी आहे. जिभेचे चोचले नाहीत आणि मन कच्चं आहे असंही नाही. फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं आणि तेवढं दूध तयार करायला शरीराला भरपूर इंधन लागतं. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2020 च्या शिफारशीत पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्तीच्या सांगितल्यात, पुढचे सहा महिने 520. मग शरीर भूक वाढवणार नाही तर काय करणार?

ते कसं करतं हे तर बघा. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, 1994 मधे त्याचा शोध लागला, त्याचं काम मेंदूला सांगायचं की साठा भरपूर आहे, आता पुरे. याच्या उलट घ्रेलिन, ते मुख्यतः जठरातून येतं आणि भूक लागली म्हणून सांगतं, ते 1999 मधे जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांच्या टीमने शोधलं. आता दूध तयार करणारं जे प्रोलॅक्टिन असतं ते नुसतं दूधच तयार करत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की प्रोलॅक्टिन जास्त असलं की मेंदू लेप्टिनचं फारसं ऐकत नाही, म्हणजे अंगात चरबी आहे, तिचा निरोपही जातोय, पण "पुरे" हे मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. निसर्गाने बाळाची सोय आधी बघितली, आईच्या कमरेचा घेर त्याच्या हिशोबातच नाही. माणसात हे सगळं अगदी तसंच्या तसं होतं असं मी म्हणणार नाही, पण पाजणाऱ्या बाईची भूक शरीरानेच वाढवलेली असते.

मग वजन उतरतं ते खोटं का? खोटं नाही. डेन्मार्कमधे हजारो आयांचा अभ्यास झाला, 2008 मधे छापून आला, त्यात जास्त आणि जास्त काळ पाजणाऱ्यांचं गरोदरपणात वाढलेल्यापैकी सहा महिन्यांनी उरलेलं वजन कमी होतं. पण ही झाली सरासरी, तुमच्या शेजारणीचं झरझर उतरलं म्हणून तुमचंही तसंच उतरेल असं नाही. कारण त्या 600 कॅलरीत आपल्या घरी काय काय बसवतात बघा. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला डिंक, खारीक, खोबरं, वर सढळ हाताने तूप, असा एक मोठा लाडू सहज 200 कॅलरीच्या पुढे जातो, तीन लाडवांतच वाढीव गरज संपली, आणि अळिवाची खीर, शिरा, दोन वेळचं भरपेट जेवण अजून बाकीच आहे. लाडू बंद करा असं मी मुळीच म्हणत नाहीये, आईने जीव ओतून केलेले असतात ते, आणि बाळंतिणीला लागतातही. एक लाडू खा, बाकीची भूक वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडी, दही, ज्वारीची भाकर, पालेभाज्या यांनी भागवा, प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

आता झोप. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण घरात कोणीच बोलत नाही. 2004 मधे शिकागोला 12 निरोगी तरुण पोरांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर भरपूर झोपेच्या तुलनेत लेप्टिन 18 टक्के कमी, घ्रेलिन 28 टक्के जास्त, आणि गोड, खारट आणि ब्रेड-बटाट्यासारखं पिष्टमय खावंसं वाटणं वाढलेलं. दोन रात्रीत! आणि ती पोरं काही बाळंतीण नव्हती. इथे तर महिनोन् महिने सलग तीन तास झोप नाही, आणि तिलाच सगळे म्हणणार "कंट्रोल ठेव जरा". अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाळ सहा महिन्यांचं असताना पाच तास किंवा कमी झोपणाऱ्या आयांचं पाच किलो किंवा जास्त वजन वर्षानंतरही अंगावर राहण्याची शक्यता बरीच जास्त दिसली. तेव्हा बाबांनो, आजीबाईंनो, पाजून झालं की बाळ तुम्ही घ्या, ढेकर काढा, लंगोट बदला, तिला झोपू द्या. तिच्या वजनाची खरंच काळजी असेल तर ही मदत सगळ्यात मोठी.

आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ते आता खरंच सोडा. नागपूरचा मे महिना, 45 डिग्री, अंगातून दूध जातंय, पाजायला घेतलं की घसा कोरडा पडतो आणि घरचे म्हणतात पाणी नको पोट सुटेल. पोट पाण्याने सुटत नाही हो.

डाएट करू का? पहिले काही आठवडे अजिबात नाही, आधी दूध आणि टाके सांभाळा. नंतर डॉक्टरला विचारून हळूहळू. 2000 साली अमेरिकेत जास्त वजनाच्या पाजणाऱ्या आयांनी आहार आणि व्यायामाने आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास कमी केलं आणि बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. त्याहून घाई नको. संध्याकाळी ऊन उतरलं की अंबाझरी तलावावर किंवा गल्लीतच चाला, बाळाला सोबत घेऊन.

वजन हलतच नाही, सोबत फार थकवा, केस गळणं, छातीत धडधड किंवा मन सारखं उदास असं असेल तर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घ्या, बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींचं थायरॉईड बिघडतं आणि घरचे ते "आळशी झाली" म्हणून सोडून देतात. उदासीबद्दलही डॉक्टरशी मोकळेपणाने बोला.

पोटपट्ट्याचंही विचारता. त्याने कमरेला आधार वाटतो, बरं वाटत असेल तर बांधा, चरबी मात्र त्याने जात नाही.