गोचीड ताप, चिंगी आणि 'परजीवी आढळले नाहीत'

आमच्या कुत्रीनं, चिंगीनं खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी गडद तांबूस. डॉक्टर म्हणाले, "गोचीड तापच दिसतोय, बहुतेक बेबेसिया, म्हणजे तांबड्या पेशीत घुसणारा परजीवी. स्मिअर करून घ्या, रक्त काचेवर पसरून तपासायचं." इथवर सगळं पटापट झालं.

अडलं ते लॅबमध्ये. घराजवळचीच, माणसांची लॅब. कुत्र्यांचंही रक्त घेतात. जांभळ्या झाकणाची नळी शनिवारी दुपारी दिली, रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी. प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन 6, आणि खाली 'परजीवी आढळले नाहीत'. स्लाइड कधी केली? "आज सकाळी, मॅडम." शनिवारचं रक्त! बरं, बघितली कुणी? "काउंट मशीनवर होतो ना." अहो, मशीन पेशी मोजतं, पेशीच्या आत कोण घुसलंय ते त्याला काय कळणार? स्मिअरचे पैसे मात्र वेगळे लावलेले. भांडून उपयोग नव्हता, तरी भांडले.

शेवटी डॉक्टरांनीच कानाच्या कडेला सुई टोचून पहिला थेंब घेतला. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत हे जंतू जास्त सापडतात म्हणे. थेंब काचेवर पातळ ओढला, सुकवला, मिथेनॉल, मग जिम्साचा रंग. तेल टाकून 1000 पट मोठं करून मलाही दाखवलं. पेशींच्या गर्दीत एकीच्या आत इवलीशी अंगठी, कडेला जांभळा खडा. बेबेसिया गिब्सोनी, बेबेसियाची छोटी जात. कुत्र्याची तांबडी पेशीच जेमतेम 7 मायक्रॉनची, त्यात ही एवढीशी. शेजारचा ठिपका दाखवून मी म्हटलं, "हापण?" तर तो रंगाचा कचरा, फोकस हलवला की तो पेशीच्या वर राहतो, आत नाही.

तुमच्यावर वेळ आली तर नळी देण्याआधीच विचारा, स्लाइड आजच्या आज होणार का आणि डोळ्यांनी कोण बघणार. आणि हो, रक्त औषध सुरू करण्याआधी द्या. बेबेसियाची जात कोणती तेही लिहून मागा: नासपतीच्या आकाराची मोठी बेबेसिया असेल तर इंजेक्शनवर भागतं, गिब्सोनी त्याला सहसा पुरती दाद देत नाही. चिंगीला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन 10 दिवस दिलं, पहिलं औषध तुपाच्या खाण्याबरोबर, नाहीतर अंगी लागत नाही. स्मिअरमध्ये काही दिसलं नाही तरी लक्षणं असतील तर पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करा. जंतू थोडे असले की निसटतात.

चिंगी आता पोळी हिसकावून खाते. स्मिअरचे पैसे परत मागितलेत, "सरांना विचारून सांगतो" अजून चालू आहे.