स्टॅटिक काढून पाहिलं तेव्हा

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती ओळ मी पाढ्यासारखी पाठ केली होती. “आत्ता नुसती लिही, अर्थ पुढे कळेल,” असं सांगितलं गेलं. ते ‘पुढे’ काही येईना. शेवटी एका रात्री ठरवलं, एकेक शब्द काढून बघू. मशीनवर जावा 8 होतं.

पब्लिक काढलं. कंपाइल झालं, म्हणजे कोडचं चालवता येईल अशा रूपात भाषांतर झालं, अगदी मुकाट्याने. चालवायला गेलो तर म्हणे मेन मेथड (मेथड म्हणजे नाव देऊन बोलवता येणारा कोडचा तुकडा) सापडत नाही. अरे, समोर तर दिसतेय! पब्लिक परत घातलं आणि सी++ च्या सवयीने व्हॉइडच्या जागी इंट लिहून शून्य परत केलं. पुन्हा तेच, कंपायलरची हरकत नाही आणि चालवताना नकार. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की कंपायलरच्या लेखी मेन ही चारचौघींसारखीच एक मेथड. तिची चौकशी करतो तो जेव्हीएम, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणारं यंत्रच, सुरू करणारा लाँचर, आणि त्याला ठरल्याप्रमाणेच सगळं लागतं. मेनच्या कंसात लिहायच्या ‘आर्ग्ज’ या नावाशी मात्र त्याला देणंघेणं नाही. तिथे मी ‘कांदे’ लिहिलं, तरी चाललं.

खरी गंमत स्टॅटिकची. माझ्या क्लासचं, म्हणजे ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात त्या साच्याचं, नाव होतं ‘खातं’ आणि ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या त्याच्या कन्स्ट्रक्टरला सुरुवातीची शिल्लक द्यावी लागायची. स्टॅटिक नसलेली मेथड बोलवायची तर आधी ऑब्जेक्ट हवा. ऑब्जेक्ट न्यू लिहून तयार करायचा, आणि ते न्यू मी लिहिणार मेनमध्येच! लाँचरने स्वतः ऑब्जेक्ट बनवावा म्हटलं, तर शिल्लक किती धरायची हे त्याला कोण सांगणार? स्टॅटिक मेथड क्लासचीच असते, ऑब्जेक्टवाचून चालते. खात्री करायला मी क्लास वापरात येतानाच चालणाऱ्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये आणि कन्स्ट्रक्टरमध्ये एकेक ओळ छापायला लावली. ब्लॉकची ओळ मेनच्याही आधी आली. कन्स्ट्रक्टरची मात्र न्यूपर्यंत पोचल्यावरच.

त्याआधी कितीतरी दिवस मी मेनमधून स्टॅटिक नसलेली साधी मेथड ऑब्जेक्टशिवायच बोलवायचो, कंपायलर ओरडायचा, आणि मी त्या मेथडलाही स्टॅटिक लावून मोकळा व्हायचो. मग तिने वापरलेल्या व्हेरिएबललाही. होता होता क्लासमध्ये ऑब्जेक्ट नावालाही उरला नव्हता. ते सगळे स्टॅटिक पुसून मेनमध्ये ‘न्यू खातं’ लिहिलं, तेव्हा ती फाइल पहिल्यांदा माणसात आली.

2025 मध्ये आलेल्या जावा 25 मध्ये नुसतं ‘व्हॉइड मेन’ आणि रिकामा कंस एवढंही पुरतं, पब्लिक नको की स्टॅटिक नको. नवशिक्यांचं बरं झालं. अशा वेळी ऑब्जेक्ट लाँचरच बनवतो, पण त्यासाठी काहीही न मागणारा कन्स्ट्रक्टर लागतो. माझं ‘खातं’ अजूनही शिल्लक मागतं, त्यामुळे तिथला स्टॅटिक मी हलवलेला नाही.