उतरल्यावर इंजिनातून ज्वाळा: फायर बटण कधी दाबायचं, कधी नाही

विमान पार्किंगला लागलं, इंजिन बंद केलं आणि हेडसेटवरून खालचा माणूस ओरडतो, "दोन नंबरच्या इंजिनामागून ज्वाळा!" कॉकपिटमध्ये मात्र ना लाल दिवा, ना घंटी. हात आपसूक फायर बटणाकडे, म्हणजे पेटलेल्या इंजिनाचं इंधन तोडणाऱ्या बटणाकडे जातो. तो आवरायचा.

ही टेलपाइपची, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीतली आग. न जळलेलं इंधन दहनकक्षात किंवा टर्बाइनमध्ये साचतं, कधी बेअरिंगच्या सीलमधून तेल झिरपतं आणि तापलेल्या धातूवर पेटतं. आग वायूच्या वाटेत, म्हणजे एरवीही जिथे आगच असते तिथे. आग ओळखणारे सेन्सर असतात गाभ्याच्या बाहेर, आवरणाखालच्या पोकळीत. त्यांना हिचा पत्ताच लागत नाही. आग विझवणारा हॅलॉन वायूही त्याच पोकळीत सुटतो, त्यामुळे या आगीवर तो वायाच. शिवाय एअरबस ए320 मध्ये ते फायर बटण दाबलं की फेडेकची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची वीज तुटते आणि इंजिन स्टार्टरने फिरवता येत नाही. फिरवणं हाच तर इलाज!

मास्टर, म्हणजे इंजिनाचा मुख्य स्विच, ऑफ. एपीयूची (शेपटीतल्या छोट्या सहाय्यक इंजिनाची) किंवा चालू असलेल्या दुसऱ्या इंजिनाची हवा घ्यायची, मोड सिलेक्टरची खुंटी क्रँकवर (इंधनाविना नुसतं फिरवणं), मॅन्युअल स्टार्ट ऑन. इंधनाविना फिरणारं इंजिन आतला जाळ आणि वाफा मागे फेकून देतं. मेख हवेची आहे: एपीयू बंद, दुसरं इंजिनही बंद, तर स्टार्टर फिरणार कशावर? बाहेरून पावडर किंवा फेस मारणं अगदी शेवटी. त्याने आतले भाग गंजतात.

घंटी वाजली, म्हणजे आग आवरणाखालच्या पोकळीत असेल, तर सगळं उलटं. थ्रस्ट (इंजिनाचा जोर) आयडल, म्हणजे सर्वांत कमी, विमान थांबवून पार्किंग ब्रेक, टॉवरला कळवा, केबिन क्रूला सावध करा, मास्टर ऑफ, फायर बटण. आता इंधन, हायड्रॉलिक आणि ब्लीडचे (इंजिनातून घेतलेल्या हवेचे) व्हॉल्व्ह बंद होतात, जनरेटर सुटतो. हवेत असताना हॅलॉनच्या पहिल्या बाटलीनंतर 30 सेकंद वाट पाहतात. जमिनीवर दोन्ही लागोपाठ.

प्रवाशांना तातडीने खाली उतरवायचं का, हा निर्णय जास्त अवघड. स्लाइडवरून (दारातल्या फुगणाऱ्या घसरगुंडीवरून) उतरताना पाय मोडतात, आणि एखादं इंजिन फिरत असेल तर त्या बाजूला माणूस सोडताच येत नाही. 4 नोव्हेंबर 2010 ला क्वांटसचं ए380 सिंगापूरला परतलं, तेव्हा वायरी तुटल्यामुळे एक नंबरचं इंजिन बंदच होईना. डाव्या पंखातून इंधन गळत होतं, ब्रेक तापलेले. तरीही प्रवाशांना आत बसवून ठेवलं आणि मग उजव्या बाजूने जिन्यावरून उतरवलं. माझ्या मते तिथे स्लाइड न उघडणंच शहाणपणाचं होतं.

अशा वेळी कॉकपिट गप्प राहिलं तर धूर पाहून प्रवासीच दार उघडायला धावतात. म्हणून 'बसून राहा' ही घोषणा लगेच करायची. क्रूनेही दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर पाहायचं, दरवेळी.