नळाच्या वेळेवर चालणारं गोरेगाव

सोमवार

मुंबईचं गोरेगाव उपनगर कसं वाढलं हे सांगताना माणसं रेल्वेपासून सुरुवात करतात. मी नळापासून करते. लोकलच्या वेळेला डबा भरून तयार हवा हे खरं, पण त्या डब्यासाठी बाई किती वाजता उठणार हे नळ ठरवायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत कामासाठी माणसं येतच राहिली. १९४३ साली शहरात रेशनिंग सुरू झालं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना आधार मिळाला, पण भाड्याने द्यायला नवी घरं बांधणं मालकांना परवडेनासं झालं आणि रिकाम्या खोलीला पागडी लागली. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. गिरगाव-दादरच्या एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहू लागली, तशी नवी जोडपी गोरेगाव, मालाड, बोरिवलीकडे जागा बघू लागली. दोन खोल्या, ओटा, मोरी आणि स्वतःचं दार. सुनेला ही मोकळीक मोठी होती. पण त्यासोबत एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही: रांगेत उभं राहायचं तर तान्हं मूल कडेवर घ्यायला जाऊ नाही की सासू नाही. शेजारीण हीच नातेवाईक झाली.

१९५७ साली गोरेगाव महापालिकेच्या हद्दीत आलं, पण हद्दीबरोबर पाणी आलं नाही. थोड्या वस्तीच्या मापाने टाकलेल्या पाइपावर नव्या चाळी आणि इमारती चढत गेल्या. पाइपाच्या तोंडाशी असलेल्यांना धार, शेपटाकडच्यांना थेंब, वरच्या मजल्याला तेवढंही नाही. ठरावीक वेळच पाणी सोडलं की आणखी एक दुखणं मागे लागतं. बाकीचा दिवस पाइप रिकामा असतो, सांध्यांतून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि नळ सुटला की तेच आधी बाहेर येतं. म्हणून पहिली बादली मोरीसाठी आणि फरशीसाठी. धार स्वच्छ दिसली, वास गेला, की मग पिण्याचा हंडा लावायचा.

पाच माणसांच्या घराचा हिशेब मांडून बघा. पिणं आणि स्वयंपाक २५ लिटर, आंघोळीला माणशी एक बादली म्हणजे ७५, भांड्यांना २५, धुण्याला ४०. काटकसर करूनही १६५ लिटर होतात. हे सारं तासाभरात भरायचं, त्यात नळ सामायिक असेल तर आपल्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं. म्हणून पहिली बादली सोडली की पुढचा भरण्याचा क्रम ठरलेला असायचा: आधी पिण्याचा हंडा आणि कळशी, मग स्वयंपाकाची घागर, मग बंब, आणि उरेल ते २०० लिटरच्या पिंपात. क्रम चुकला आणि मध्येच पाणी गेलं, तर पिंप अर्धं भरलेलं आणि हंडा कोरडा.

पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की तुरटीचा खडा हंड्यात चार-पाच वेळा फिरवायचा, रात्रभर हंडा हलवायचा नाही, सकाळी वरचं पाणी दुहेरी धोतराच्या फडक्यातून गाळून उकळायचं. तुरटीने गाळ खाली बसतो, रोगजंतू मरत नाहीत. उकळणं टाळता येत नाही, आणि उकळायचं म्हणजे रॉकेल जाळायचं.

बुधवार

रॉकेलवरून स्टोव्ह. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ साली आला, पण उपनगरातल्या बहुतेक घरांना त्यासाठी पुढे कित्येक वर्षं थांबावं लागलं. तोवर वातीचा स्टोव्ह, नाहीतर पंपाचा.

पंपाचा स्टोव्ह पेटवणं हे कसबाचं काम. टाकी पाऊण भरायची. काठोकाठ भरली तर हवा दाबायला जागा राहत नाही. हवेची चावी सैल करायची, बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं आणि ते संपत येईपर्यंत थांबायचं. बर्नर तापला म्हणजे आतल्या रॉकेलची वाफ होते. मग चावी घट्ट करून हळूहळू पंप मारायचा. घाई केली, बर्नर गार असतानाच पंप मारला, तर वाफेऐवजी रॉकेलच उसळतं आणि हातभर पिवळा भडका उठतो. तेव्हा ताबडतोब चावी सोडायची, हवा जाते, ज्योत बसते. ज्योत निळी न राहता पिवळी पडली, भांडी काळी व्हायला लागली, तर रॉकेलची वाफ जिथून सुटते त्या निपलच्या बारीक भोकात काजळी अडकलेली असते, पिन घालायची. पंप पोकळ वाटतो, दाबच येत नाही, तेव्हा चामड्याचं वायसर सुकलेलं असतं. तेलाचे दोन थेंब देऊन ते भिजवायचं, तरी नाही भागलं तर बदलायचं.

नायलॉनचा पदर आणि बुटका स्टोव्ह यांची गाठ फार वाईट. सुती कापड जळतं, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. आणि ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांखाली किती सुनांचे छळ आणि खून झाकले गेले, हेही या रोजनिशीत नोंदवलंच पाहिजे. सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारं ४९८ अ हे कलम १९८३ साली आलं.

शुक्रवार

दूध. आरे वसाहत १९४९ साली गोरेगावातच उभी राहिली, तरी शेजारच्या बाईला रांग चुकली नाही. कार्डावर जेवढं लिहिलेलं तेवढंच दूध मिळायचं. काचेची बाटली, वर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं झाकण, दुधाचा प्रकार झाकणाच्या रंगावरून कळायचा. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली नाही, म्हणून रिकामी झाली की लगेच गार पाण्याने विसळायची. दूध आत वाळलं तर चिमूटभर धुण्याचा सोडा आणि कोमट पाणी. कडकडीत पाणी घातलं तर बाटली तडकते.

रेशनवर साठच्या दशकात अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, यायची. तिच्या पिठाला चिकटपणा कमी, भाकरी थापताना कडेने फाटते. उपाय एकच: निम्मं पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची, झाकून ठेवायची, मग उरलेलं पीठ मिसळून गरम असतानाच मळायचं.

रविवार

इतकं सगळं रोज निभावणाऱ्या बायका पाण्यासाठी रस्त्यावर उतरल्या यात मला नवल वाटत नाही. कुठल्या गल्लीत किती वाजता धार येते, कुठल्या मजल्यावर थांबते, ही माहिती त्यांच्याइतकी कुणाजवळच नव्हती. मृणाल गोरे यांनी ती माहिती राजकारणात आणली. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या तरुणांच्या संघटनेत आल्या होत्या आणि गोरेगावातच संसार करत होत्या. १९५८ साली पती केशव गोरे गेले, मुलगी लहान होती. १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून आल्या आणि हंडे-कळशा घेतलेल्या बायकांना घेऊन पाण्याचा प्रश्न लावून धरला. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यातूनच पडलं.

१९७२च्या दुष्काळात कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी, समाजवादी प्रमिला दंडवते आणि मृणालताई यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी महिला समिती उभी केली. मोर्चाला येताना बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन आल्या. मागण्या स्वयंपाकघरातल्याच होत्या: धान्य, तेल, साखर, रॉकेल, आणि तेही ठरलेल्या भावात. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेत गेल्या, १९७७ साली लोकसभेत.

पुढच्या दशकात प्रश्न घराचा झाला. ज्या गोरेगावात आईबाप स्वस्त जागेसाठी आले, तिथे मुलांना खोली परवडेना. शहरात एकाकडे किती जमीन असावी याला मर्यादा घालणाऱ्या १९७६च्या कमाल जमीनधारणा कायद्यातली जादा जमीन लहान घरांसाठी द्या, अशी मागणी घेऊन नागरी निवारा परिषद उभी राहिली. लढा कोर्टापर्यंत गेला आणि गोरेगावातच दिंडोशीला हजारो कुटुंबांची वसाहत झाली.